धोंडाबाईचा जंत

कोकरे सरांना अख्खं इंदापूर ‘जंतसर’ म्हणतं. तोंडावर नाही, पाठ फिरली की. पण सरांचे कान तिखट आहेत. एकदा बाजारात मागून कुणीतरी म्हणालं, “जंतसर चालले बघ.” सर वळून म्हणाले, “चाललो नाही, आत्ताच आलोय. कोथिंबीर कशी दिली?”

त्यांचं खरं नाव डॉ. महिपती कोकरे. गाव पणदरे. घरी ऊस, चार म्हशी आणि माळकरी आई, मुक्ताबाई. घरात अंड्याचं टरफल जरी आलं असतं तरी मुक्ताबाईंनी अंगण दोनदा सारवून घेतलं असतं. वडिलांचा हिशेब साधा होता. पोरानं केमिस्ट्री घ्यावी, साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून लागावं आणि दुपारी सायकलवरून घरी जेवायला यावं. पोरगं बारामतीला कॉलेजात गेलं आणि पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत, कापलेल्या माशाच्या आतड्यात, त्याला एक पांढरी फीत वळवळताना दिसली. मासा मेलेला, आतला भाडेकरू जिवंत. केमिस्ट्री तिथंच संपली.

पुढं सरांनी माशांच्या पोटातल्या जंतांवरच पीएच.डी. केली. वडील गावात पेढे वाटत होते तेव्हा कुणीतरी विचारलं, “डॉक्टर झाला म्हणता, पण कशाचा?” वडिलांनी जरा विचार केला आणि सांगितलं, “पोटाचा.” त्यानंतर वर्षभर पणदऱ्याची माणसं पोट धरून ओट्यावर येऊन बसायची. सर सगळ्यांना एकच उपाय सांगायचे, जेवायच्या आधी साबणानं हात धुवा. बऱ्याच जणांना गुण आला, असं सर अजून ऐकवतात.

मी त्यांचा विद्यार्थी. झूलॉजीत मला अडतीस मार्क पडले आणि त्यातले निदान पाच सरांच्या मायेचे होते. आता बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सरांचे शोधनिबंध मीच टाईप करतो, त्यामुळे ज्या विषयात मी कसाबसा पास झालो त्यातलं आता मला बरंच कळतं. उदाहरणार्थ, जंत ज्याच्या पोटात राहतो त्याला शास्त्रात ‘यजमान’ म्हणतात. हा शब्द मी घरी सांगितला तेव्हा आई वडिलांकडं बघून बराच वेळ हसत होती.

सरांची कामाची पद्धत ठरलेली. उजनी धरणाच्या फुगवट्याचे मासे इंदापूरच्या आणि भिगवणच्या बाजारात येतात. सर सकाळी कॉलेजच्या आधी तिथं हजर. मासा घ्यायचा नाही, फक्त आतडी मागायची. विकणाऱ्या बायका मासा साफ करता करता आतडी वेगळी ठेवायच्या, सर विचारायचे, “कशाची?” बाई सांगायची, “मरळीची,” नाहीतर “शिवड्याची.” सर तेवढं चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बरणीत टाकायचे. मासे झाले, की वाटेत गाडीखाली आलेलं मुंगूस किंवा तारेला चिकटून मेलेला बगळा. वनखात्याचं परवानगीपत्र त्यांच्या खिशात कायम असायचं. मेलेल्या मुंगसापाशी गुडघ्यावर बसलेल्या प्राध्यापकाला बघून एसटीचे ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करायचे.

आणि एवढं करून या माणसानं जन्मात माशाचा घास खाल्लेला नाही. आईला दिलेला शब्द. “हात लाव, चीर, काय करायचं ते कर, पण तोंडात घालू नको,” असं मुक्ताबाई म्हणाल्या होत्या. सरांनी तीस वर्षं माशांत घालवली, आणि डबा कायम मेथीचा.

आता धोंडाबाईकडं येतो, कारण ही सगळी गोष्ट तिच्या नावाची आहे.

धोंडाबाई भोई नरसिंहपूरची. भीमा आणि नीरा मिळतात तिथं संगमावर तिच्या नवऱ्याची नाव होती, आता मुलाची, झुंबरची आहे. सत्त्याण्णव साली सर कुणाच्या तरी लग्नाला नरसिंहपूरला गेले. लग्नघरी अक्षता पडेपर्यंत काही दम निघाला नाही, म्हणून नदीवर गेले. तिथं धोंडाबाई मासे साफ करत बसली होती. सरांनी नेहमीप्रमाणं आतडी मागितली. तिनं एक लांबलचक आतडं पातेलीच्या झाकणावर काढून दिलं. सरांनी विचारलं, “कशाचं?” ती म्हणाली, “वामंचं.” सरांनी चिठ्ठीवर लिहिलं, वाम. त्या आतड्यात एक बोटभर चपटा जंत निघाला, तसा आधी कुणी पाहिलेला नव्हता.

नवी जात सापडली की नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. त्या काळी लोक आपल्या साहेबांचं नाव द्यायचे, कुणी साहेबांच्या बायकोचं. सरांनी धोंडाबाईचं दिलं. लॅटिनच्या नियमानं बाईच्या नावाला शेवटी एक शेपूट जोडावं लागतं, तेवढं जोडलं. निबंध छापून आल्यावर सर त्याची झेरॉक्स घेऊन नरसिंहपूरला गेले आणि त्यांनी आनंदानं सांगितलं.

धोंडाबाईचं तोंड उतरलं. “जंताला माझं नाव? म्या तुमचं काय घोडं मारलंवतं, सर?”

सरांनी तासभर समजावलं. हे नाव आता पुस्तकात गेलं, साता समुद्रापलीकडं कुणाला हा जंत सापडला तरी त्यालाही धोंडाबाईच म्हणावं लागेल. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “आमच्या सासूचं न्हाय ना दिलं?”

“नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

संध्याकाळी तिनं घुगऱ्या शिजवल्या आणि भोईआळीत घरोघरी वाटल्या. बारशाच्या घुगऱ्या, जंताच्या. झेरॉक्स फ्रेम करून देवांच्या फोटोशेजारी लावली. सत्तावीस वर्षं ती तिथंच आहे आणि गुरुवारी तिलाही उदबत्ती फिरते.

गेल्या डिसेंबरात वृषाली माझ्या दुकानात आली. वृषाली बावड्याची, सरांचीच विद्यार्थिनी, आता पुण्याला संशोधन करते. भीमेच्या खोऱ्यातल्या जंतांची जुनी नावं तपासायची, खरी ठेवायची आणि खोटी काढायची, हे तिचं काम. सर त्या वेळी माझ्याकडं प्रूफ वाचत बसले होते. फेब्रुवारीत ते निवृत्त होणार होते, त्याआधी सगळं आवरायची घाई चालली होती.

“सर, रागावणार नाही ना?”

“कुणाचं नाव कापलंस?” सरांनी मान वर न करता विचारलं.

“धोंडाबाईचं.”

आता मान वर झाली. सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “कारण सांग.”

वृषालीनं पाठ केल्यासारखं सांगितलं. नमुना एकच, तोही पुरता वाढलेला नाही. वामेच्या पोटात एक जंत नेहमी सापडतो, हा त्याचाच लहान वयाचा भाऊ असावा. फॉर्मॅलिनमध्ये इतकी वर्षं राहिल्यामुळं डीएनए निघत नाही. “आणि सर, तुम्हीच त्यानंतर सातशे बारा वामा तपासल्यात. पुन्हा एकदाही मिळाला नाही. नवी जात असती तर मिळाली नसती का?”

“मिळाली असती,” सर म्हणाले. “बरोबर आहे. तुझ्या जागी मीही हेच लिहिलं असतं.”

वृषालीचे डोळे भरून आले, म्हणजे कापणारी रडत होती आणि ज्याचं कापलं तो तिला चहा सांगत होता. ती गेल्यावर मी म्हणालो, “सर, धोंडाबाईला सांगायचं कशाला? नरसिंहपुरात कोण इंग्रजी निबंध वाचतंय? फ्रेम आहे तशी राहू द्या.”

मी प्रॅक्टिकलला गांडुळाची हृदयं पत्त्यातल्या बदामासारखी काढली होती तेव्हा सरांनी माझ्याकडं जसं बघितलं होतं, तसंच आता बघितलं. “नाव देताना मी स्वतः जाऊन सांगितलं,” ते म्हणाले. “काढताना पोस्टानं कळवू?”

रविवारी माझ्या मोटारसायकलवरून आम्ही नरसिंहपूरला गेलो. वाटभर सर मागं बसून धोंडाबाईला सांगायचं वाक्य पुटपुटत होते. माझ्याशी बोलले असते तर मला खड्डे कमी लागले असते.

धोंडाबाई आता सत्तरीपुढची. अंगणात विळीवर बसून मासे साफ करत होती, शेजारी झुंबर जाळं विणत होता. सरांना बघून तिनं पदराला हात पुसले. “या, सर. कसला जंत पाहिजे आज?”

सर ओट्याच्या कडेवर बसले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं, की जंताचं नाव रद्द होतंय.

“कापलं?” धोंडाबाई म्हणाली. “आधारकार्ड जोडलं न्हवतं व्हय?”

“तसं नाही हो. नियमात बसत नाही.”

“रेशनातबी आसंच झालंवतं,” झुंबर जाळ्यातून म्हणाला. “आई जित्ती आसून नाव कमी झालं. मग आईला न्हेऊन दाखवली.”

“तू गप,” धोंडाबाई त्याला म्हणाली. तिनं आत भिंतीकडं एकदा बघितलं, जिथं फ्रेम होती. हातातला मासा तसाच राहिला. “माज्या नातीनं शाळंत सांगितलंय, सर. बाईंनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. आता काय सांगू तिला? आज्जीचा जंत पळाला?”

सर खाली बघत होते. “मी सातशे बारा वामा चिरल्या. एकीतही परत सापडला नाही. एकट्या जंतावर नाव टिकत नाही.”

“कुठल्या वामा?”

“इंदापूरच्या, भिगवणच्या. बाजारातल्या.”

“पाठीवर काटं आसतात, त्या?”

“वामेला काटे असतातच.”

धोंडाबाईनं मासा खाली ठेवला. “कोन म्हणतं? त्या काट्यांच्या. लांबड्या तोंडाच्या, सोंड आसल्यावानी. म्या दिली ती तसली न्हवती. ती गुळगुळीत. पाठीला एक काटा न्हाय. तोंड बोथट, गळ्यापाशी दोन बारके पंख. माज्या दंडायवढी जाड, आन् हातात धरली की सटाक्.”

सर उभे राहिले. पुन्हा बसले. “पण तुम्ही तर वाम म्हणालात.”

“आवो, आमी दोनीला वामच म्हणतो! ही काट्यांची वाम, ती बिनकाट्याची वाम. तुमी इचारलं कशाचं, म्या सांगितलं वामंचं. ह्यात खोटं काय?”

“खोटं काही नाही. पण मासा दाखवायचा तरी.”

“मासा तुमी मागितला कवा? आतडं मागितलं, आतडं दिलं. मुंडकं मागितलं आसतं तर मुंडकं दिलं आसतं.” आता तिला चेव चढला होता. “आन् सर, येक घास खाल्ला आसता तर डोळं झाकून कळलं आसतं. तिचं कालवण येगळं, हिचं येगळं. आमचं शेंबडं पोरबी सांगंल. तीस वरसं आतडी चिवडताय आन् घास न्हाय पोटात!”

झुंबर हसून जाळ्यात तोंड लपवत होता. मी आभाळाकडं बघत होतो.

परतताना बावड्याला चहाला थांबलो आणि पहिल्याच घोटाला सर असे हसायला लागले की चहा नाकातून आला. “विद्यार्थ्यांना जन्मभर काय सांगत आलो मी? चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, नमुना बघा. आणि स्वतः चिठ्ठीवर एक शब्द लिहून सत्तावीस वर्षं फिरलो.” मग त्यांनी टेबलावर चहाच्या ओल्या बोटानं नदी काढली. गुळगुळीत वाम समुद्रात जन्मते आणि लहानपणी नदीनं वर चढत येते. नरसिंहपूर धरणाच्या खाली, तिथवर एखादी पोचते. भिगवण, इंदापूर धरणाच्या वर. “मी सातशे बारा वामा अशा जागी शोधल्या जिथं तिला यायचं तर उजनीची भिंत चढावी लागेल.”

रविवार असल्यानं वृषाली घरीच होती, तिथूनच आम्ही तिच्याकडं गेलो. सर दारातच म्हणाले, “लिहून घे. चूक माझी आहे.” सगळं ऐकून वृषाली आधी उडीच मारणार होती, मग तिच्यातली संशोधक जागी झाली. “सर, आजींच्या आठवणीवर नाव राहणार नाही. ती वाम पाहिजे आणि तिच्यात तोच जंत पाहिजे. मी एकतीस जानेवारीला निबंध पाठवणार, संपादकांना शब्द दिलाय.”

“माझ्यासाठी एक दिवसही थांबू नकोस,” सर म्हणाले.

झुंबर रोज संगमावर जाळं लावू लागला. त्याची आई रोज काठावर येऊन उभी राहायची आणि गावाला रोज तेच उत्तर द्यायची, “नाव सोडवायला आलीया.” जानेवारीच्या मध्याला धरणातून नदीला पाणी सुटलं आणि दोन दिवसांनी एक गुळगुळीत वाम गावली. आम्ही सगळे धावलो. सरांनी मिठाच्या पाण्याच्या ताटात आतडं टोकापासून टोकापर्यंत उघडलं. स्वच्छ. एकही जंत नाही.

“रिकामं?” धोंडाबाईनं विचारलं.

“रिकामं. रिकामं हीसुद्धा नोंद असते,” सर म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं. पण पेन इतकं दाबून लिहिलं की खालच्या पानावरही उमटलं.

“लई निरोगी निघाली मेली,” धोंडाबाई म्हणाली आणि तिथंच बसून राहिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा अशी माणसं बघितली, जी माशाला जंत नाहीत म्हणून दुःखी होती.

सत्तावीस जानेवारीला सकाळी साडेसहाला सरांना झुंबरचा फोन आला. “सर, पाव्हणी आलीया. पयल्यापेक्षा थोरली.” सरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सुट्टीला बावड्याला आलेली वृषाली स्कूटीवर आमच्या आधी पोचली होती.

या वेळी सरांनी आतड्याला हात लावायच्या आधी अख्खा मासा समोर ठेवला. डोक्याचा फोटो, शेपटीचा फोटो. पाठीवरून बोट तीनदा फिरवलं. काटा नाही. मग चिठ्ठी लिहायला घेतली. ती लग्नपत्रिकेएवढी झाली.

“सर, कुलदैवत राहिलं,” वृषाली म्हणाली.

धोंडाबाईनं स्वतः विळीवर मासा चिरला. आतडं मिठाच्या पाण्यात पडलं, सरांनी कात्री चालवली. पहिल्या वीतभरात काही नाही. पुढच्या वीतभरात काही नाही. झुंबरनं जाळं खाली ठेवलं. शेवटच्या वळणापाशी कात्री थांबली. पाण्यात एक पांढरी फीत सुटली, आळोखेपिळोखे देत. मग दुसरी. एकूण पाच.

वृषालीनं आणलेला मायक्रोस्कोप ओट्यावर मांडला. ती डोळा लावून बसली आणि स्लाइड पुढंमागं सरकवत राहिली. सर तिच्या मागं उभे होते, परीक्षेच्या निकालाला पोरं उभी राहतात तसे.

“पूर्ण वाढलेत,” ती शेवटी म्हणाली. “पोटात अंडी आहेत. डोकं तुमच्या चित्रातलंच, सर, फक्त मोठं. काट्यांच्या वामेतल्याचं असं नाही. ही वेगळीच जात आहे.”

“नक्की?”

“डीएनएसाठी दोन नमुने नेते. पण मी आत्ता पैज लावते.”

सर वळले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. चष्मा पुसायला त्यांना या वेळी बराच वेळ लागला.

“झालं का पक्कं?” धोंडाबाईनं मला विचारलं.

“पक्कं होईलसं दिसतंय, आज्जी.”

“मग हे रडत्यात कशापायी?”

वृषालीनं एकतीस तारखेला निबंधाचा बाकी भाग पाठवला आणि धोंडाबाईचं प्रकरण मागं ठेवून घेतलं. डीएनएनंही तेच सांगितलं. त्यावर एक छोटा स्वतंत्र निबंध झाला, सर आणि वृषाली दोघांच्या नावानं. टाईप मीच केला. कॉम्प्युटरला धोंडाबाई माहीत नाही. प्रत्येक वेळी तो खाली लाल रेघ मारून ‘दुबई’ सुचवायचा. एका पानावर माझ्याकडून तेच राहिलं आणि सरांनी पकडलं नसतं तर आज भीमेच्या माशात दुबईचा जंत राहिला असता. निबंधात सरांनी एक वाक्य स्वतःच्या हातानं घातलं, वृषालीनं दोनदा काढायला सांगूनही: आधी नोंदवलेला यजमान चुकीचा होता, कारण लेखकानं मासा पाहिला नव्हता, फक्त नाव ऐकलं होतं, बरोबर यजमान श्रीमती धोंडाबाई भोई यांनी ओळखला. चुकीची कबुली एवढ्या खुशीत टाईप करून घेणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

दरम्यान सर निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि ‘जंतसर’ असं चुकून माईकवर म्हणालेला एक विद्यार्थी, सगळं झालं. आता ते सकाळी बाजारात जातात आणि आतड्यासोबत मुंडकंही मागतात. बायका वैतागल्यात. मुंडक्याचं कालवण चांगलं होतं.

निबंध छापून आला तेव्हा सर नवी झेरॉक्स, एक स्लाइड आणि स्वतःचा जुना मायक्रोस्कोप घेऊन नरसिंहपूरला गेले. मी अर्थातच सारथी. जुनी फ्रेम उतरवली, त्याच काचेमागं नवं पान बसवलं. मग सरांनी स्लाइड लावली आणि म्हणाले, “बसा, धोंडाबाई. इतक्या वर्षांत मी तुम्हाला तुमचा जंत दाखवलाच नाही.”

तिनं एक डोळा हातानं झाकला आणि दुसरा नळीला लावला. भोईआळीतली पोरंटोरं, बायका, सगळी मागं गोळा झाली. धोंडाबाई बघतच राहिली.

“हे डोस्कं व्हय?”

“हो.”

“आन् ही गोल गोल चार?”

“त्यानं तो आतड्याला धरून राहतो. कितीही पाणी आलं तरी सुटत नाही.”

“चिवट हाय म्हणायचा.” तिनं डोळा बदलला, पुन्हा बघितलं आणि मागं वळून सगळ्यांना सांगितलं, “गोरा हाय गं! माज्यावर न्हाय गेला.”

मग ती चुलीकडं गेली आणि घुगऱ्यांची पातेली घेऊन आली. सरांना पहिली वाटी दिली. “खावा. ह्यात काटा न्हाय, मासा न्हाय, आईचा शबूद मोडत न्हाय.”

सरांनी दोन वाट्या खाल्ल्या. जेवायच्या आधी साबणानं हात धुऊन.